पहिल्या आठ वर्षांचं पाणी

"आठ वर्षांच्या होईपर्यंत तुम्ही कुठलं पाणी प्यायलात?"

डॉक्टरांनी हे विचारलं तेव्हा मी खुर्चीत आडवी होते, डोळ्यांवर दिव्याचा झोत होता आणि तोंडात त्यांचा इवलासा आरसा. त्यामुळे लगेच बोलता आलं नाही, आणि ते बरंच झालं. मला सावरायला तेवढा वेळ मिळाला. माझ्या दातांबद्दल अठ्ठेचाळीस वर्षांत पुष्कळांनी पुष्कळ काही विचारलं होतं. दात घासतेस ना, कशानं घासतेस, तंबाखूचं मंजन लावतेस का, सुपारीची सवय आहे का, दिवसाला चहा किती. पाणी कुठलं प्यायलीस, हे कुणीच विचारलं नव्हतं.

दवाखाना बेंगळुरूतल्या जयनगरचा, चौथ्या ब्लॉकच्या बाजारापासून दोन गल्ल्या आत. बाहेर पर्जन्यवृक्षांची कमान आणि पायऱ्यांवर त्यांचा पाचोळा. मी तिथे गेले होते ते दात पांढरे करून घ्यायला. हे असं सरळ लिहायलाही मला थोडा धीर लागतोय. आमच्या घरात दाताच्या डॉक्टरकडे जायचं ते ठणका असह्य झाल्यावर. नुसत्या रंगासाठी बारा हजार रुपये मोजायचे, ही गोष्ट मी नवऱ्याला सांगायलाच दोन महिने घेतले.

मी बँकेत काउंटरवर बसते. २०२० आणि २०२१ मध्ये करोनानं सगळं गाव बंद होतं तेव्हाही आम्ही मास्क लावून बसत होतो. त्या काळाबद्दल बोलायला मन धजत नाही. आमच्या शाखेतले दोघे जण त्यात गेले. पण त्याच दिवसांत माझ्या बाबतीत एक गोष्ट घडत होती आणि ती मला फार उशिरा कळली. मी हसायला लागले होते. मास्कच्या आड, तोंड भरून, आवाज करून. मास्क उतरले त्या आठवड्यात एका पेन्शनर आजोबांनी काहीतरी गमतीचं सांगितलं आणि माझा डावा हात आपोआप तोंडावर गेला. बोटं जुळलेली, अंगठा गालाशी, अगदी शाळेत जायचा तसाच. दोन वर्षं तो हात वर आला नव्हता, हे मला त्या क्षणी समजलं. आणि तो त्याआधी पस्तीसएक वर्षं येत होता, हेही.

माझं गाव यवतमाळ जिल्ह्यात, केळापूर तालुक्यात. पांढरकवड्याहून एसटीनं जायचं आणि फाट्यावर उतरून चालायचं. दुधाचे दात मला इतरांसारखेच पांढरे होते. तिसऱ्या वर्षाचा एक फोटो आहे, त्यात मी सगळी बत्तिशी दाखवून हसतेय. सातव्या वर्षी वरचे पुढचे दोन दात आले ते निराळे आले. खडूनं पुसट सारवल्यासारखे, मधेमधे अपारदर्शक ठिपके. वर्ष-दोन वर्षांत त्यांच्यावर आडवी तपकिरी रेघ उमटली. कपात राहून गेलेला चहा कडेला वाळतो आणि मग कितीही विसळलं तरी जात नाही, अगदी तशी रेघ.

"पोरीच्या दाताले काय झालं वं हे?" आजी आईला विचारायची, आणि आईला तो आपल्यावरचा ठपका वाटायचा. मग रोज सकाळी मोरीच्या दगडावर मला बसवून आई स्वतः दात घासून द्यायची. आधी राखुंडी, मग मीठ, मग मिठात लिंबू. लिंबानं दात आंबायचे, हिरडीतून रक्त यायचं. ती हरायची आणि मी रडायची. शाळेत गुरुजींनी स्वच्छतेचा धडा शिकवताना मला उभं करून सगळ्यांना माझे दात दाखवले. वाईट मनाचे नव्हते ते. मी दात घासत नाही यावर त्यांचा प्रामाणिक विश्वास होता. वर्गात आणखी सहा-सात जणांचे दात तसेच होते, पण मी पहिल्या बाकावर बसायची. त्या दिवसापासून तो हात वर यायला लागला.

डॉक्टरांनी आरसा बाहेर काढल्यावर मी म्हटलं, "बोरिंगचं." आमच्याकडे हापशाला बोरिंगच म्हणतात. त्यांनी मान हलवली, जणू त्यांना हेच उत्तर अपेक्षित होतं. शिकत असताना तुमकूरकडच्या पावगडला शिबिरांसाठी जायचो, असं त्या म्हणाल्या. तिथे शाळेत वर्गच्या वर्ग असे असायचे. मग त्यांनी एका कागदावर जबड्याचं चित्र काढून मला समजावलं, आणि ते मी इथे लिहिते कारण हे आईला कुणी तेव्हा समजावलं असतं तर मोरीवरच्या त्या सकाळी टळल्या असत्या.

पक्का दात हिरडीतून वर येतो सहाव्या-सातव्या वर्षी, पण तो घडत असतो त्याच्या कितीतरी आधी. पुढच्या दातांचं काम मूल तीन-चार महिन्यांचं असतानाच जबड्याच्या आत सुरू होतं. अक्कलदाढा सोडल्या तर सगळ्या दातांवरचं कवच, ते इनॅमल, आठव्या वर्षापर्यंत तयार होऊन जातं. या काळात पोटात जाणाऱ्या पाण्यात फ्लोराइड जास्त असलं तर कवच नीट पिकत नाही, त्यात बारीक बारीक छिद्रं राहतात. दात वर आला की ती छिद्रं बाहेरचा रंग शोषतात. म्हणजे डाग दिसतो बाहेर, पण त्याची जागा दात दिसायच्या आधीच तयार झालेली असते. एकदा कवच घडलं की पुढे तेच पाणी जन्मभर प्यायलं तरी दातांवर असा डाग पडत नाही.

"तुम्हाला भावंडं आहेत? मोठी?" त्यांनी विचारलं.

दादा माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. त्याचे दात मोत्यासारखे. घरात याचा अर्थ एकच लावला गेला होता, की दादा व्यवस्थित आहे आणि मी गबाळी. आणि त्या खुर्चीत, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, मला हिशेब लागला. मी १९७६ च्या हिवाळ्यातली. बोरिंग आलं १९७७ च्या उन्हाळ्यात. दादा तेव्हा अकरा वर्षांचा होता. त्याचे दात विहिरीच्या पाण्यावर घडले, माझे बोरिंगच्या.

बोरिंग आलं तो दिवस आई अजूनही सणासारखा सांगते. १९७२ च्या दुष्काळात तिनं आणि गावातल्या बायकांनी विहिरीच्या तळाशी उतरून वाटीनं पाणी भरलं होतं. दुष्काळानंतर राज्यात कूपनलिका खणायला जोर आला. खडक फोडणारी यंत्रं गावोगाव फिरू लागली. आधीचे ओतीव लोखंडाचे हापसे सारखे मोडायचे. घरगुती वापरासाठी बनवलेल्या हापशावर सगळं गाव तुटून पडल्यावर दुसरं काय होणार? मग जालना आणि सोलापूर इथे लोकांनी खटपट करून दणकट हापसे घडवले, आणि सोलापूरच्या त्या हापशावरूनच पुढे देशभर गेलेला इंडिया मार्क टू तयार झाला. मला या गोष्टीचा फार अभिमान आहे. कोट्यवधी बायकांच्या कमरेवरचा भार ज्या हापशानं हलका केला त्याचं मूळ आपल्या मातीतलं आहे.

आजीच्या डाव्या पोटरीवर नारूचा व्रण होता. पायविहिरीचं पाणी प्यायचं, त्यातून नारू व्हायचा, आणि पायातून निघणारा तो दोरीसारखा जंत काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढून काढायचा. तुटला तर पाय सडायचा. आजीनं हे भोगलं होतं. माझ्या पिढीनं नारू पाहिला नाही. २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. पटकी, हगवण, नारू, हे सगळं उघड्या पाण्यातून यायचं आणि बोरिंगनं ते पाणी झाकलं. माझा एक मामा आणि एक मावशी दोन वर्षांच्या आतच गेले होते. आम्ही तिघं भावंडं जगलो. तेव्हा त्या बोरिंगवर राग काढायचा तरी कसा? आपलेच दात आणि आपलेच ओठ.

तरीही एक गोष्ट मला सलते आणि ती मी लिहिणार आहे. हे कुणाला ठाऊकच नव्हतं, असं नाही. १९०१ साली फ्रेडरिक मॅके नावाचा एक तरुण दंतवैद्य अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्ज या गावी गेला. तिथल्या पुष्कळ लोकांच्या दातांवर त्याला तपकिरी डाग दिसले. गावकरी म्हणायचे, डुकराचं मांस फार खाल्ल्यानं होतं, नासकं दूध प्यायल्यानं होतं. माझ्या गावातल्या सुपारी आणि तंबाखूच्या तर्कांसारखंच ते. मॅकेनं तीस वर्षं पिच्छा सोडला नाही. त्याच्या लक्षात आलं की डाग पाण्याबरोबर येतो, लहानपणी तिथे वाढलेल्यांनाच येतो, आणि आश्चर्य म्हणजे या डागाळलेल्या दातांना कीड कमी लागते. शेवटी १९३१ मध्ये ॲल्युमिनियम बनवणाऱ्या एका कंपनीतल्या चर्चिल नावाच्या रसायनतज्ज्ञानं ते पाणी तपासलं आणि फ्लोराइडचं नाव पुढे आलं. आपल्याकडे १९३७ साली तेव्हाच्या मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर जिल्ह्याबद्दल डॉक्टरांनी लिहिलं. तिथे गोष्ट दातांवर थांबली नव्हती. माणसांच्या पाठी आणि सांधे ताठले होते, हाडांपर्यंत ती पोचली होती.

आमच्या गावात बोरिंग बसलं त्याच्या चाळीस वर्षं आधी हे छापून झालं होतं. आणि पाण्यातलं फ्लोराइड तुरटी आणि चुन्यानं खाली बसवायची नालगोंडा पद्धत तर शोधली नागपूरच्या नीरी संस्थेनं, सत्तरच्याच दशकात. पांढरकवड्याहून नागपूर एसटीनं चार तास. ते चार तास ओलांडून ही माहिती आमच्या मोरीपर्यंत यायला किती वर्षं लागली याचा हिशेब मी केला. मी बारावीला होते तेव्हा कुणीतरी येऊन बोरिंगला लाल रंग फासून गेलं. लाल म्हणजे पिऊ नका. का पिऊ नका, हे कुणी सांगितलं नाही, आणि मे महिन्यात दुसरं पाणी कुठे आहे हेही सांगितलं नाही. लोक लाल दांडा हापसून पाणी भरत राहिले. पुढे नळ आला. पण त्या मधल्या वर्षांत जी मुलं जन्मली त्यांच्या दातांवरून आता गावात वय सांगता येतं. पाण्यात लिटरला एक मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतं, दुसरा स्रोतच नसेल तर दीडपर्यंत. किती छोटा आकडा आहे हा. एवढा एक आकडा एखाद्या शिक्षकाला माहीत असता तर त्यानं मला वर्गात उभं केलं नसतं.

माझ्या एकाही दातात कीड नाही, एकही फिलिंग नाही. डॉक्टरांनी हे अगदी आनंदानं सांगितलं. फ्लोराइडनं होणारा हा दोष, फ्लोरोसिस, तीव्र असेल तर दात उलट ठिसूळ होऊन तुटतात, माझा मध्यम आहे. दादाच्या त्या मोत्यांतल्या तीन दाढा पन्नाशीच्या आतच काढाव्या लागल्या.

मग डॉक्टरांनी पर्याय मांडले. दात थोडा तासून त्यावर पातळ पापुद्रा चिकटवायचा, म्हणजे डाग कायमचा झाकला जाईल. दात तासायचा म्हटल्यावर मी नको म्हटलं. पाण्यानं जे दिलं त्यातलं चांगलं आहे तेच कवच कशाला खरवडायचं? दुसरा पर्याय ब्लीचिंगचा. घरी ट्रे घालून मंद जेलनं दोन-तीन आठवडे करता येतं, नाहीतर दवाखान्यात तीव्र जेलनं एका बैठकीत. मी दवाखान्यातलं निवडलं, कारण घरी रोज रात्री आरशासमोर ते करत बसायचा मला धीर नव्हता. त्यांनी आधीच बजावलं की तपकिरी रेघ फिकी होईल, पण खडूसारखे पांढरे ठिपके जाणार नाहीत, पहिले काही दिवस तर ते जास्तच उठून दिसतील. बैठक आठवड्यानं ठरली. त्याआधी एकदा दात साफ करून घेतले. रेघ अर्थातच तशीच राहिली. ती मळाची नव्हतीच.

बैठकीच्या दिवशी सुरुवात रंग ठरवण्यापासून झाली. एका धातूच्या पट्टीवर चिनी मातीचे सोळा दात ओळीनं अडकवलेले असतात. ए, बी, सी, डी असे त्यांचे गट. तांबूसकडे झुकणारे, पिवळसर, राखाडी. साडीच्या दुकानात ब्लाउजपीस जुळवतात तसं डॉक्टर एकेक नमुना माझ्या दातांशी धरून पाहत होत्या. खिडकीशी नेऊन दिवसाच्या उजेडात पुन्हा पाहिलं. "ए साडेतीन," त्या म्हणाल्या आणि सहायक मुलीनं ते कार्डावर लिहिलं. ए साडेतीन. एवढ्या वर्षांत माझ्या दातांच्या रंगाला गलिच्छ, घाण, पिवळा यांखेरीज नाव मिळालं नव्हतं. त्या सोळांत पांढराशुभ्र दात एकही नाही, हेही मी तेव्हा पाहिलं. बाहेर फलकांवर हसणाऱ्या माणसांचे दात बाथरूमच्या फरशीसारखे असतात; तो पांढरा रंग माणसाला निसर्गानं दिलेलाच नाही, त्यासाठी आता वेगळ्या नमुन्यांच्या पट्ट्या काढाव्या लागल्या आहेत. कवच अर्धपारदर्शक असतं आणि त्याच्या आतला भाग मुळातच पिवळसर. निरोगी दात थोडा पिवळाच असायचा. लग्न ठरलेल्या मुली फरशीचा पांढरा मागतात, डॉक्टर सांगत होत्या, आणि मी त्यांना समजावते. मला हे ऐकून त्यांच्याबद्दल फार आदर वाटला.

सगळ्या काळांत पांढरा रंगच सुंदर होता असंही नाही. आजी तिच्या आईबद्दल सांगायची, दातवण लावून लावून तिचे दात जांभळासारखे काळेभोर झालेले. ते सवाष्णीचं लेणं होतं. नवरा गेल्यावर कुंकवाबरोबर दातवणही सुटलं. दात पुन्हा पांढरे व्हायला लागले तशी ती हसायचीच बंद झाली, असं आजी म्हणायची. ही पणजी मी पाहिलेली नाही. पण खुर्चीत पडल्या पडल्या मला तीच आठवत होती.

ओठांना व्हॅसलीन लावलं. गाल आणि ओठ बाजूला धरणारी प्लॅस्टिकची चौकट घातली, ती घातल्यावर माणूस ना बोलू शकतो ना तोंड मिटू शकतो. दातांच्या मुळाशी हिरडीवर निळा लेप घालून दिव्यानं तो कडक केला, जेल हिरडीला लागू नये म्हणून. मग दोन नळ्यांची पिचकारी, त्यातून येणारा गारेगार घट्ट थेंब, आणि तो ब्रशनं दातांवर सारखा करणं. हायड्रोजन पेरॉक्साइड, पस्तीस टक्के. त्यातला ऑक्सिजन कवचाच्या छिद्रांतून आत शिरतो आणि रंगाचे मोठे रेणू तोडून लहान करतो; लहान झाले की त्यांचा रंग दिसत नाही. घासणं नाही, खरवडणं नाही. मीठ, लिंबू, राखुंडी, आई बिचारी किती घासत होती. रंग आत होता, आणि त्याच्यापर्यंत पोचायला हात उपयोगाचा नव्हता.

पंधरा पंधरा मिनिटांचे तीन फेरे. डॉक्टर मधल्या वेळात दुसऱ्या खोलीत जात आणि सहायक मुलगी माझ्याजवळ थांबे. तिशीची असेल. मास्क, टोपी, फक्त डोळे दिसत. दुसऱ्या फेऱ्यात वरच्या उजव्या दातात एकदम सळक गेली, विजेसारखी, नाकापर्यंत. मी खुर्चीचा हात घट्ट धरला. तिनं माझ्या मनगटावर हात ठेवला आणि कन्नडमध्ये म्हणाली, "आगुत्ते मॅडम, होगुत्ते." होतं असं, जातं. मग विचारलं, "याव ऊरु?" माझं तोंड ताणलेलं, बोलणं अशक्य. ती हसली, मास्क हलला. फेरा संपून जेल पुसल्यावर तिनं चौकट क्षणभर काढली तेव्हा मी सांगितलं, महाराष्ट्र, गाव असं असं. ती म्हणाली, "नम्मूर नीरू हागे." आमच्या गावचं पाणीही तसंच. ती चिक्कबळ्ळापूर जिल्ह्यातली, बागेपल्लीच्या पुढची. तिकडे, कोलारकडे कूपनलिका हजार फुटांच्या खाली गेल्यात, हे मला ठाऊक होतं. आमच्या बँकेत बोअरच्या कर्जाचे कागद येतात. तिनं दाराकडे पाहिलं, मास्क हनुवटीखाली ओढला, आणि मला दात दाखवले. तीच रेघ. माझ्यापेक्षा गडद. मग मास्क पुन्हा वर.

तुम्ही इथेच काम करता, तुम्ही का नाही करून घेतलं, असं माझ्या तोंडावर आलं होतं. नशीब, तिनं पुढचा थेंब लावायला सुरुवात केली. मला कारण माहीत होतं ना. बारा हजार.

शेवटी पुन्हा पट्टी आली. ए साडेतीनवरून ए वनच्या जवळ. डॉक्टरांनी लगेच सांगितलं, हा खरा रंग धरू नका. इतका वेळ कोरडे राहिल्यानं दात जास्त पांढरे दिसतात, दोन-चार दिवसांत ओल मुरली की थोडे उतरतील. तसंच झालं. आठवड्यानं रंग ए टूवर स्थिरावला. रेघ सायीच्या रंगाची झाली, शोधल्याशिवाय दिसणार नाही इतपत. ठिपके पहिले चार दिवस दुधाच्या थेंबांसारखे टळटळीत होते, मग निवले.

त्या रात्री झोप आली नाही. तोंडानं श्वास घेतला तरी गार हवा दातांतून आरपार जायची. पोटॅशियम नायट्रेटची पेस्ट बोटानं दातांवर लावून बसले होते. दोन दिवस रंग असलेलं काही खायचं नव्हतं. चहा नको, कॉफी नको, बीट नको, हळद नको. कॉफीशिवाय बेंगळुरूत दोन दिवस काढणं अवघड; सकाळी सहाला आमच्या गल्लीत प्रत्येक खिडकीतून फिल्टरचा वास येतो. पण खरी अडचण हळदीची. मराठी स्वयंपाकघरात हळद घातल्यावाचून काय होतं? दहीभात, ताकभात, मीठ घातलेल्या लाह्या, उकडलेले बटाटे. भाजी फोडणीला टाकताना नवऱ्यानं हळदीचा डबा उघडला आणि माझ्याकडे पाहून तो तसाच बंद केला. पांढरी भाजी मुकाट्यानं जेवला. हे मी विसरणार नाही.

शेजारच्या अज्जींना मी सांगितलं नव्हतं, पण त्यांनी ओळखलं. "हल्लु चन्नागिदे," म्हणाल्या, दात छान दिसतायत. त्या स्वतः आजही नंजनगूडची गुलाबी दंतमंजन पूड वापरतात, सद्वैद्यशाळेची, भाताच्या तुसाची राख घातलेली. १९१३ पासून म्हैसूरकडच्या घरांत ती आहे. ती डबी हातात घेऊन वास घेतला तर मोरीचा दगड आठवला. राखुंडीच ती, कापूर-लवंगेच्या वासाची.

दादाला व्हिडिओवर दाखवलं. तो बराच वेळ स्क्रीन जवळ धरून पाहत राहिला. मी त्याला बोरिंगचं, वर्षांचं, इनॅमलचं सगळं सांगितलं. तो गप्प झाला. मग म्हणाला, "म्हणजे तू घासत होती." मी म्हटलं, "हो रे, घासत होते." आई मागे बसली होती, तिला ऐकू कमी येतं. दादानं तिच्या कानाशी जाऊन मोठ्यानं सांगितलं, पाण्यानं झालं होतं, पोरीच्या दाताले पाण्यानं झालं होतं. आई म्हणाली, "कोणत्या पाण्यानं?" आणि मग तिला कळलं. तिनं पदराचं टोक तोंडाशी नेलं. बोरिंग तिचा सण होता. तो मी तिच्याकडून काढून घ्यायला नको होता, असं मला त्या रात्री वाटत राहिलं. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा फोन केला आणि दादाच्या तीन दाढांचं सांगितलं, आणि आजीच्या पोटरीचं. ती "हो, हो" म्हणाली. नारूवर मात्र ती बराच वेळ बोलली.

तीन आठवड्यांनी तपासणीला गेले तेव्हा शाळांना सुट्टी होती. दवाखान्यातल्या बाकावर एक सहा वर्षांची मुलगी चित्राची वही घेऊन बसली होती. सहायक मुलीची लेक. जन्म बेंगळुरूचा, नळाला कावेरीचं पाणी. डॉक्टर यायच्या होत्या. आईनं हातमोजे काढले, मुलीसमोर उकिडवी बसली आणि अंगठ्यानं तिचा खालचा ओठ अलगद खाली धरला. "नोडी मॅडम."

दुधाच्या दातांच्या ओळीत एक नवा दात निम्मा वर आला होता. ओला, रुंद, कडेला करवतीसारखे तीन छोटे उंचवटे. डाग नाही, ठिपका नाही, रेघ नाही. पण बाजूच्या इवल्या शुभ्र दातांशेजारी तो पिवळसर दिसत होता, आणि आईच्या डोळ्यांत मला तीच जुनी भीती दिसली. "हळदी इदे अल्वा?" तिनं हळूच विचारलं. कन्नडमध्ये पिवळ्याला हळदीच म्हणतात.

मी खाली वाकून पुन्हा पाहिलं, नीट, उजेडाकडे तोंड वळवून. म्हटलं, नाही, पक्क्या दाताचा रंग असाच असतो. सगळे आले की एकसारखे दिसतील. तिनं ओठ सोडला. मुलीनं जीभ बाहेर काढून त्या नव्या कडेवरून दोनदा फिरवली, टोचतंय म्हणाली, आणि पुन्हा रंग भरायला लागली.